खाऊच्या पैशांपासून पहिल्या पगारापर्यंत

मराठी घरातल्या मुलाच्या हाती पैसा तीन वाटांनी येतो. पाहुणे निघताना हातावर टेकवतात तो खाऊ, राखी-भाऊबीजेची ओवाळणी, वाढदिवसाची पाकिटे ही पहिली वाट. यात मुलाला काही करावे लागत नाही आणि किती मिळणार हेही आधी ठाऊक नसते. दुसरी वाट हातखर्चाची: ठरलेल्या दिवशी ठरलेली रक्कम, आईवडिलांकडून. तिसरी कमाईची, म्हणजे स्वतःच्या श्रमाचे किंवा विक्रीचे पैसे. नोट शंभराचीच असली तरी ती कोणत्या वाटेने आली यावर मूल तिच्याकडून काय शिकणार हे बरेचसे ठरते. हातखर्चातून मूल निवड करायला शिकते. कमाईतून आपल्या वेळेला आणि मेहनतीला बाजारात काय भाव आहे ते त्याला कळते. पहिल्या वाटेच्या पैशातून मात्र बहुतेक घरांत मूल काहीच शिकत नाही, कारण तो पैसा त्याच्या हातात फार वेळ राहतच नाही.

भाऊबीजेच्या रात्री तबकातल्या नोटा मोजून होतात, कोणत्या दादाने किती घातले याची उजळणी होते आणि ‘हरवशील, दे इकडे, ठेवून देते’ म्हणत आई ते पैसे कपाटात ठेवते. त्यांचे पुढे काय झाले हे मुलीला सहसा कळत नाही. कधी त्यातून तिचाच ड्रेस येतो, कधी गॅसचे सिलिंडर. आईचे अगदीच चुकते असे नाही. ओवाळणी ही मोठ्यांची आपसातली देवघेव असते; आज आलेले पाचशे रुपये उद्या त्याच घरातल्या मुंजीत किंवा बारशात परत जायचे असतात, आणि हा हिशेब घरातल्या बायकांना तोंडपाठ असतो. मूल त्यात नुसते मध्यस्थ. पण हे त्याला कोणी सांगत नाही, आणि विश्वासाने ठेवलेली पहिली ठेव बुडाल्याचा अनुभव त्याच्या पदरी पडतो. यावर उपाय साधा आहे. आलेल्या रकमेतला किती भाग मुलीचा आणि किती घराचा हे तिच्यासमोर ठरवावे, वहीत लिहावे आणि तिचा भाग ती मागेल तेव्हा द्यावा. ही वही म्हणजे तिचे पहिले पासबुक.

ठरावीक हातखर्च देण्याची पद्धत जगातही फार जुनी नाही. अमेरिकेतल्या समाजशास्त्रज्ञ व्हिव्हियाना झेलायझर यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तिचा इतिहास मांडला आहे. मुले कारखान्यांत आणि शेतांवर राबत होती तोवर ती घरात पैसा आणत आणि तो आईवडिलांच्या हाती देत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कायद्याने आणि सक्तीच्या शाळेने त्यांना कामावरून काढले. आता मुलाची कमाई शून्य, पण मिठाईची दुकाने आणि सिनेमाची तिकिटे समोर. या पोकळीत हातखर्च आला. महाराष्ट्रात तो मध्यमवर्गात रुजला तो मुख्यतः वसतिगृहाच्या वाटेने. पुण्या-मुंबईला किंवा जिल्ह्याच्या गावी शिकायला गेलेल्या मुलाला घरून मनीऑर्डर येई. तिच्यात खाणावळ, वह्या-पुस्तके, कपड्यांची इस्त्री आणि महिन्याकाठी एखादा सिनेमा बसवायचा असे. म्हणजे पैशाचा पहिला स्वतंत्र व्यवहार सोळा-सतराव्या वर्षी, घरापासून दूर आणि एकदम पूर्ण महिन्याचा. वीस तारखेला खिसा रिकामा होणे आणि मित्राकडून उसने घेऊन दिवस काढणे हा अनेकांचा पहिला अर्थशास्त्राचा पाठ होता. हीच चूक नवव्या वर्षी वीस रुपयांत करता आली असती, आणि लहान वयात हातखर्च द्यावा यामागचे सर्वांत भक्कम कारण तेच आहे.

किती द्यावे, केव्हापासून द्यावे याचे एकच कोष्टक देता येत नाही. मुलाला बेरीज-वजाबाकी येऊ लागली आणि दुकानातून सुटे पैसे बरोबर आणता येऊ लागले की सुरुवात करायला हरकत नाही. साधारण दुसरी-तिसरीत हे होते. लहान मुलाला महिना फार लांब वाटतो, त्यामुळे रक्कम आठवड्याची असावी. सातवी-आठवीपासून ती पंधरवड्याची आणि दहावीच्या सुमारास महिन्याची करता येते. आकड्यापेक्षा महत्त्वाचे असते ते त्या आकड्यात कोणते खर्च धरले आहेत हे. समजा, सातवीतल्या मुलीला आठवड्याला ऐंशी रुपये मिळतात. त्यात मधल्या सुट्टीतला वडापाव किंवा शेवपुरी, पेन-रिफिल आणि मैत्रिणीच्या वाढदिवसाची भेट धरली आहे. बसभाडे, वह्या, शाळेची फी धरलेली नाही. सोमवारी-मंगळवारीच साठ रुपये संपले तर बुधवारी रिफिल घ्यायची की शेवपुरी खायची हा प्रश्न तिला स्वतःला सोडवावा लागतो. इथे आईने ‘घे गं आणखी वीस’ म्हटले की सगळा डाव मोडला. शुक्रवारपर्यंत मैत्रिणीचे पेन मागून लिहिण्याची वेळ आलेली मुलगी पुढच्या सोमवारी आपोआप हात आखडता घेते. तिला बचतीवर भाषण द्यावे लागत नाही.

म्हणून या व्यवहाराचा कणा एवढाच: मर्यादा पालकांनी घालावी, मर्यादेच्या आतला निर्णय मुलाचा असावा, आणि तो निर्णय फसला तरी पैसे परत भरून देऊ नयेत. यातले तिसरे कलम पाळणे सर्वांत जड जाते, आजी-आजोबा घरात असतील तर फारच. वडिलांनी नाही म्हटलेले पैसे आजोबांच्या बंडीच्या खिशातून मिळतात हे मुलाला फार लवकर समजते. आजोबांना थांबवणे कोणाला जमलेले नाही. मात्र त्यांच्याकडून येणारी रक्कमही महिन्याची ठरवून घेता येते. दुसरी अडचण याच्या उलट बाजूची. पैसे मुलाला दिले, पण प्रत्येक रुपयाची झडती घेतली, तर ते पैसे त्याचे झालेच नाहीत. हिशेब लिहिण्याची सवय चांगली. तो हिशेब रोज तपासण्याची सवय मुलाला खोटे लिहायला शिकवते. काही गोष्टींना बंदी असू शकते, ती आधी सांगून ठेवावी. बाकी पन्नास रुपयांचे स्टिकर घेऊन मुलगा घरी आला, तर ते पन्नास रुपये वाया गेले असे मोठ्यांना वाटले तरी गप्प बसावे.

हातखर्च घरकामाशी जोडावा की नाही यावर बरेच वाद आहेत. ताटे घासली तर पाच रुपये, पलंग आवरला तर दोन, परीक्षेत नव्वदच्या वर गुण आले तर हजार, अशा दरपत्रकाचे आकर्षण पालकांना वाटते, कारण त्यातून श्रमाची किंमत शिकवली जाते असा समज असतो. प्रयोगांनी मात्र वेगळेच दाखवले आहे. १९७३ मध्ये अमेरिकेत मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी चित्रे काढायची आवड असलेल्या बालवाडीतल्या मुलांपैकी काहींना चित्राबद्दल बक्षीस देण्याचे आधी कबूल केले. बक्षीस मिळून गेल्यावर काही दिवसांनी हीच मुले, बक्षीस न मिळालेल्या मुलांच्या तुलनेत, चित्रांकडे खूपच कमी वळली. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या इस्रायलमधल्या एका अभ्यासात शाळकरी मुलांना दारोदार देणग्या गोळा करायला पाठवले होते. एका गटाला मोबदला नव्हता, दुसऱ्याला गोळा केलेल्या रकमेच्या एक टक्का आणि तिसऱ्याला दहा टक्के. सर्वांत जास्त देणग्या आणल्या त्या मोबदला नसलेल्या गटाने. एक टक्कावाले सर्वांत मागे राहिले. काम आपले आहे असे वाटत होते तोवर मुले मनापासून फिरली; त्याला भाव लावल्यावर तो भाव परवडतो का, याचा विचार त्यांनी सुरू केला.

घरातही हेच होते. ताट उचलण्याचे पाच रुपये ठरले की एखाद्या दिवशी ‘आज मला पैसे नकोत’ असे म्हणून मुलगा टीव्हीसमोर बसू शकतो, आणि करारानुसार त्याचे बरोबरच असते. शिवाय घराघरांत या दरपत्रकाची एक अवघड बाजू दिसते. मुलीने भांडी विसळणे, धाकट्याला सांभाळणे, पोळ्या लाटायला बसणे हे तिचे कामच समजले जाते. त्याला दर नसतो. मुलाने स्कूटर धुतली की त्याला मात्र पन्नास रुपये मिळतात. पैशाचे शिक्षण इथे मुलाला आणि मुलीला निरनिराळे मिळते आणि दोघांच्याही ते पक्के लक्षात राहते. तेव्हा रोजची घरकामे बिनमोबदला आणि सर्वांना वाटून, हातखर्च त्यापासून अलग, हीच मांडणी योग्य. एरवी ज्या कामासाठी बाहेरचा माणूस बोलवावा लागला असता ते काम, म्हणजे माळ्याची सफाई, रद्दीची वर्गवारी, आजोबांच्या जुन्या फोटोंचे स्कॅनिंग, मुलाने अंगावर घेतले तर त्याचे पैसे देण्यात काही वावगे नाही. गुणांना बक्षीस लावणे तर टाळलेलेच बरे. गणितात कमी पडलेल्या मुलाला दंडापेक्षा गणिताची गरज असते.

घरातल्या ज्या एका कामाने पिढ्यान्‌पिढ्या पैसा शिकवला ते म्हणजे दुकानात धाडणे. दळण आणणे, वाण्याकडून अर्धा किलो तूरडाळ आणि पावशेर गूळ आणणे, डेअरीतून दुधाच्या पिशव्या आणणे. यात भाव लक्षात ठेवावा लागतो, सुटे मोजावे लागतात, ‘सुटे नाहीत, चॉकलेट घे’ म्हणणाऱ्या दुकानदाराला नाही म्हणण्याचा धीर करावा लागतो. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली, तरी सुट्यांच्या जागी चॉकलेट ही रीत काही गेली नाही. चॉकलेट हे चलन नाही आणि आपल्याला आपले दोन रुपये मागता येतात, हे आठ वर्षांच्या मुलाला वाण्याच्या फळीपाशीच समजते. आता घरपोच किराणा आणि मोबाइलवरची खरेदी यांमुळे ही शाळा बऱ्याच शहरी घरांत बंद पडली आहे. ती मुद्दाम चालू ठेवावी लागेल.

पैसा दिसेनासा होणे ही या पिढीची खरी नवी अडचण आहे. युपीआय २०१६ मध्ये सुरू झाले. आज भाजीवाल्याच्या गाडीवरही त्याचा चौकोनी कोड असतो. मूल बघते ते एवढेच की आईने फोन समोर धरला, टिंग वाजले आणि आइस्क्रीम हातात आले. खिशातली नोट मोडल्याचे जे दुःख असते, ते त्यात नाही. म्हणून लहान वयात हातखर्च रोखच द्यावा, नोटा आणि नाणी मिळून. तेरा-चौदाव्या वर्षानंतर मोबाइलवरून खर्च करू द्यायचा असेल, तर २०२४ मध्ये आलेल्या युपीआय सर्कल या सोयीचा विचार करता येतो. तिच्यात खाते पालकाचे राहते आणि दुसऱ्या व्यक्तीला त्यातून ठरावीक मर्यादेपर्यंत पैसे देता येतात. पूर्ण मुभा दिली तरी महिन्याला कमाल १५,००० आणि एका वेळी कमाल ५,००० रुपये अशी वरची सीमा आहे. पालकांनी आपली मर्यादा यापेक्षा पुष्कळ खाली ठेवावी हे सांगायला नको. खेळांच्या ॲपवर पैसे लावण्याचा प्रश्नही याच वयात उभा राहतो. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली. खेळातली नाणी, पोशाख आणि हत्यारे विकत घेण्यावर मात्र मुलाचे पैसे जात राहतात, कित्येकदा वडिलांच्या फोनवरूनच.

बचतीची जुनी साधने मातीचा गल्ला आणि शाळेतली संचयिका. संचयिकेत विद्यार्थीच रोखपाल, विद्यार्थीच हिशेबनीस. आठवड्यातून एक दिवस वर्गात टेबल मांडून रुपया-दोन रुपये जमा होत आणि पासबुकावर नोंद होई. रक्कम क्षुल्लक असे, पण दुसऱ्याच्या पैशांचा हिशेब जुळवण्याची जबाबदारी बारा वर्षांच्या मुलावर पडे, आणि दोन रुपये कमी भरले तर ते शोधेपर्यंत त्याला घरी जाता येत नसे. इतकी स्वस्त आणि इतकी परिणामकारक योजना बहुतेक शाळांतून मागे पडली, हे दुर्दैवच म्हटले पाहिजे. आज तिची जागा बँकेच्या खात्याने घेता येते. दहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला टपाल कार्यालयात स्वतःच्या नावाने बचत खाते उघडता येते. बँकांच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये काढलेल्या सूचनांनुसार कोणत्याही वयाच्या मुलाचे खाते पालकांमार्फत उघडता येते, आणि दहा वर्षांवरील मुलाला बँकेने घातलेल्या मर्यादेत ते एकट्याने चालवताही येते. एटीएम कार्ड किंवा चेकबुक द्यायचे की नाही हे बँक ठरवते. मात्र या खात्यातून उचल घेता येत नाही, शिल्लक नेहमी जमेचीच राहिली पाहिजे. सुकन्या समृद्धी किंवा मुलाच्या नावाचा सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी या चांगल्या योजना असल्या तरी त्या आईवडिलांनी मुलासाठी केलेल्या बचतीच्या आहेत. त्यातून मूल काही शिकत नाही. ते शिकते स्वतः रांगेत उभे राहून, स्लिप भरून, सही दोनदा चुकवून.

कमाईचा पहिला अनुभव अनेक मुलांना आता शाळेच्या आवारातच मिळतो. जिल्हा परिषदेच्या शाळांतून बाल आनंद बाजार भरतो. पटांगणात पोती अंथरून कोणी मेथीच्या जुड्या मांडते, कोणी भेळ, कोणी घरच्या कोंबडीची अंडी. गावातली माणसे मुद्दाम येऊन खरेदी करतात, शिक्षक कौतुक करतात, संध्याकाळी ‘आमच्या शाळेत इतक्या हजारांची उलाढाल झाली’ अशी बातमी होते. उपक्रम चांगलाच आहे, पण तो बहुधा उलाढालीवरच थांबतो. एखाद्या मुलाने भेळ विकून साडेतीनशे रुपये गल्ल्यात आणले, तर त्याला वाटते साडेतीनशे मिळाले. कुरमुरे, फरसाण, कांदे, चिंच-गूळ यांचे दोनशे साठ रुपये आईने दिलेले असतात; कागदी द्रोणांचे तीस वेगळेच. नफा साठ रुपये, आणि सकाळी सहापासून चिरत बसलेल्या आईची मजुरी त्यात धरलेलीच नाही. दुसऱ्या दिवशी फळ्यावर हा हिशेब मांडला तरच बाजाराचा धडा पूर्ण होतो. मांडला नाही, तर ती एक छान सहल ठरते.

बाजारातले गणित आणि पुस्तकातले गणित आपोआप एकमेकांत मिसळत नाहीत, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि सहकाऱ्यांनी कोलकाता व दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा अभ्यास केला. तो फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. वेगवेगळ्या भावाच्या, वेगवेगळ्या वजनाच्या दोन भाज्यांची रक्कम आणि परत द्यायचे सुटे ही मुले कागद-पेन्सिलीशिवाय अचूक सांगत. त्याच तोडीची उदाहरणे वहीतल्या रूपात दिली की ती अडखळत. उलट, बाजारात कधीच काम न केलेल्या शाळकरी मुलांना पुस्तकातली उदाहरणे येत, पण बाजारातला हिशेब समोर आला की त्यांची गाडी अडे. पैशाचे शिक्षण एकट्या शाळेवर किंवा एकट्या बाजारावर सोपवून भागत नाही, याचा याहून स्पष्ट पुरावा मिळणे कठीण.

शाळेने श्रम आणि कमाई यांना जागा द्यावी हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापली आणि साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींच्या मुलांना एकत्र राहायला, एकत्र जेवायला आणि आपल्या शिक्षणाचा खर्च आपल्या श्रमातून उचलायला शिकवले. मुले शेतात राबत, दगड वाहत, इमारतींच्या बांधकामाला हात लावत. १९४७ मध्ये साताऱ्यात सुरू झालेले छत्रपती शिवाजी महाविद्यालय याच ‘कमवा आणि शिका’ तत्त्वावर उभे राहिले, आणि त्या नावाच्या योजना आज राज्यातल्या विद्यापीठांत चालतात. विद्यार्थी ग्रंथालयात, बागेत किंवा कार्यालयात रोज काही तास काम करतो आणि तासांप्रमाणे मानधन घेतो. गांधीजींच्या नई तालीमचा, १९३७ च्या वर्धा परिषदेतला प्रस्ताव आणखी पुढे गेला होता: मुलांच्या हस्तोद्योगातून शिक्षकांचा पगार निघावा. त्यावर तेव्हाच टीका झाली की शाळेचा खर्च मुलांनी कमवायचा ठरला, तर शिक्षणाचा कारखाना व्हायला वेळ लागणार नाही. ही शंका रास्त होती. भाऊरावांच्या वसतिगृहातल्या मुलाला जे मिळत होते, ते त्याच्या स्वतःच्या शिक्षणासाठी होते.

कमाई कोणासाठी, हाच प्रश्न कायद्याच्याही मुळाशी आहे. बालकामगारविषयक १९८६ च्या कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हापासून चौदा वर्षांखालील मुलाला कोणत्याही कामावर ठेवणे गुन्हा आहे. मालकाला सहा महिने ते दोन वर्षे कैद किंवा वीस ते पन्नास हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. अपवाद दोनच. एक, स्वतःच्या कुटुंबाला किंवा कुटुंबाच्या धंद्याला शाळा सुटल्यावर वा सुट्टीत केलेली मदत, तीही धोक्याच्या कामात नाही. कुटुंबात आईवडील, भावंडे, तसेच मामा-मावशी, काका-आत्या येतात. दुसरा अपवाद चित्रपट, मालिका, जाहिराती यांतल्या बालकलाकारांचा. २०१७ च्या नियमांनुसार त्यांना दिवसात पाच तासांहून जास्त काम देता येत नाही आणि कमाईतले किमान वीस टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावाने मुदत ठेवीत ठेवावे लागतात. उरलेले ऐंशी टक्के कोणाचे, यावर नियम गप्प आहे, आणि हे मौन सोयीचे वाटणारे पालक कमी नसतील.

कौटुंबिक धंद्याच्या अपवादात चांगले आणि वाईट दोन्ही शिरते. काकांच्या किराणा दुकानात दिवाळीच्या सुट्टीत गिऱ्हाईक सांभाळणारी सहावीतली मुलगी खूप शिकते. ऊसतोडीच्या फडावर आईबापांबरोबर गेलेला त्याच वयाचा मुलगाही ‘कुटुंबाला मदत’ करताना दिसेल. पण मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी नवरा-बायकोच्या कोयत्याला त्याचे हात जोडले गेलेले असतात. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दरवर्षी हे स्थलांतर होते. या मुलाला उसनवारी, व्याज आणि कर्ज म्हणजे काय हे शिकवण्याची कोणाला गरज नाही. त्याला हवी असते शाळा आणि हंगामी वसतिगृह. पैशाच्या शिक्षणावर लिहिले-बोलले जाते ते बहुतेक मध्यमवर्गीय मुलांना समोर धरून, आणि त्यामुळे हे मूल नजरेआड होते. हातखर्चावरची कोणतीही शिफारस त्याच्या कुटुंबाला लागू पडत नाही.

चौदा ते अठरा या वयात काम करता येते, धोक्याचे सोडून. खाणी, ज्वालाग्राही पदार्थ आणि स्फोटके, धोकादायक प्रक्रियांचे कारखाने इथे बंदी आहे. फटाक्यांचा स्टॉल हा सुट्टीतला आवडता उद्योग असला, तरी या वयाच्या मुलाला तो सुचवू नये. कामाचे तासही बांधलेले आहेत. तीन तासांनंतर एक तास विश्रांती, ती धरून दिवसात एकूण सहा तास, संध्याकाळी सात ते सकाळी आठ काम नाही आणि आठवड्याला सुट्टी. पहाटे पेपर टाकण्याचे काम, जे कित्येकांच्या पहिल्या कमाईचे साधन होते, या चौकटीत बसत नाही. एपीजे अब्दुल कलाम यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रामेश्वरमला धावत्या गाडीतून फेकलेले पेपरचे गठ्ठे उचलून चुलतभावाला मदत केली आणि पहिले पैसे मिळवले. आजच्या कायद्याने त्या मुलाला घरी पाठवले असते. बसणारी कामे तरीही पुष्कळ आहेत: लहान मुलांची शिकवणी, दिवाळीत आकाशकंदील आणि उटणे करून विकणे, दुकानात नोंदी करणे, सोसायटीतल्या ज्येष्ठांना मोबाइलवर बिले भरून देणे. अप्रेंटिसशिपच्या १९६१ च्या कायद्यानुसार चौदा वर्षांपासून, धोक्याच्या कामांत अठरापासून, शिकाऊ उमेदवार होता येते. राष्ट्रीय शिक्षण धोरणाने २०२० मध्ये सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवस सुचवले आहेत. सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे ते घालवावेत अशी कल्पना आहे. त्यात मजुरी नाही, पण कारागिराच्या कामाला वेळ किती लागतो हे दिसते आणि घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाकडे मूल वेगळ्या नजरेने बघू लागते.

पहिल्या कामाआधी मुलाला काही गोष्टी सांगून ठेवायच्या असतात. पैसे किती, कशाचे, केव्हा मिळणार हे आधी विचारावे. ‘काका ओळखीचे आहेत, कसे विचारू’ या संकोचात अनेकांची पहिली कमाई बुडते. कामाचे दिवस आणि तास वहीत लिहावेत. अठरा वर्षांखालील व्यक्तीने केलेला करार भारतीय करार कायद्याप्रमाणे तिच्यावर बंधनकारक होत नाही, हे १९०३ च्या मोहरीबीबी खटल्यापासून पक्के आहे. तेव्हा कोणी मुलाकडून अनामत किंवा बाँड लिहून मागत असेल, तर तिथून निघावे. करातही फरक आहे. मुलाच्या नावाच्या ठेवीवरचे व्याज सामान्यतः आई किंवा वडील यांच्यापैकी ज्याचे उत्पन्न जास्त त्याच्या उत्पन्नात मिळवले जाते. मुलाने स्वतःच्या श्रमाने किंवा कौशल्याने मिळवलेले उत्पन्न मात्र त्याचेच धरले जाते. पहिला पगार देवापुढे ठेवायचा, आईला साडी घ्यायची ही रीत सुंदर आहे आणि ती मोडायचे कारण नाही. पण पहिला सगळा पगार घरात, दुसराही घरात आणि तिसऱ्यापासून मुलाला पुन्हा हातखर्च, असे झाले तर कमावणारा माणूस खर्चाच्या बाबतीत शाळकरीच राहतो. घरात किती द्यायचे ते आकड्यात ठरावे आणि बाकीचे त्याच्या खात्यात राहावे.

या सगळ्याबरोबर चालायला हवे ते घरातले बोलणे. बहुतेक मराठी घरांत मुलांसमोर पैशाचा विषय काढत नाहीत. पगार किती, घराचा हप्ता किती, आजोबांच्या औषधांना किती लागतात हे मुलाला दहावी-बारावीपर्यंत माहीत नसते. मग बारावीनंतर खासगी महाविद्यालयाची फी समोर आली की घरात अचानक रडारड होते. आठवी-नववीच्या मुलाला महिन्याचा किराणा, वीजबिल आणि हप्ता एका कागदावर दाखवायला हरकत नसावी. राष्ट्रीय वित्तीय शिक्षण केंद्राच्या २०१९ च्या पाहणीत देशातल्या सुमारे २७ टक्के प्रौढांनाच पुरेशी आर्थिक साक्षरता असल्याचे आढळले. म्हणजे शिकवणाऱ्यांतल्या बहुसंख्यांनाही हा विषय मुलांबरोबरच शिकायचा आहे, आणि त्यात कमीपणा मानण्यासारखे काही नाही.

मुलगा किंवा मुलगी अठरा वर्षांची झाली की बँक तिच्याकडून नव्या सूचना आणि सहीचा नवा नमुना घेते, शिलकेची खात्री करून देते, आणि खाते पालक चालवत असतील तर त्यांचा अधिकार त्या दिवशी संपतो.